पँट उभ्यानं घालावी की बसून?

मागच्या अंकातल्या एका उत्तरात मी ओघात लिहून गेले होते की, माझ्याकडे नवा रुग्ण आला की मी त्याला आधी म्हणते, "पँट कशी घालता, जरा करून दाखवा." मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारपण, अपघात किंवा वय यांमुळे ज्यांची रोजची साधी कामं अडली आहेत, त्यांना ती पुन्हा जमावीत म्हणून मी गेली २२ वर्षं काम करते. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की, या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे.

प्रश्न : माझं वय ६६. आयुष्यभर उभ्यानंच पँट घालत आलो. दोन महिन्यांपूर्वी डावा पाय घालताना अंगठा आत अडकला आणि लंगडी घालत घालत कपाटावर आदळलो. फारसं लागलं नाही. पण तेव्हापासून बायको रोज म्हणते, पलंगावर बसून घाला. बसून पँट घालायची म्हणजे म्हातारपण कबूल केल्यासारखं वाटतं. खरंच गरज आहे का?

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द 'डावा' हा आहे. म्हणजे उजवा पाय नीट गेला आणि घोळ दुसऱ्या पायाला झाला. माझ्याकडे येणाऱ्यांचंही बहुतेक वेळा असंच होतं. पहिल्या पायाच्या वेळी पँट मोकळी असते, कंबर हवी तेवढी फाकवता येते. दुसऱ्या पायाच्या वेळी अर्धी पँट आधीच एका पायावर चढलेली असते. तोंड अरुंद झालेलं, कापड ताणलेलं, त्यामुळे पाय जास्त वर घ्यावा लागतो. त्यातून टेकलेल्या पायाच्या टाचेखाली मोहरी आलेली असते. वरून ओढायचं कापड खालून आपणच दाबून धरलेलं असतं.

आता तोलाचं बघू. आपण कसे उभे आहोत याची खबर मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते : डोळे, कानाच्या आतला भाग, आणि तळपाय व घोटा. पँट घालताना मान खाली जाते, डोकं कलतं, नजर समोरच्या भिंतीवरून सुटून हलत्या कापडावर येते. दोन खबऱ्यांचा भरवसा एकदम कमी होतो आणि सगळा भार एकट्या घोट्यावर पडतो. वयाबरोबर तळपायाची जाणीव मंदावते, मधुमेह असेल तर ती आणखी कमी होऊ शकते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. एरवी तोल गेला की माणूस काय करतो? उचललेला पाय पटकन टेकवतो किंवा हातानं काहीतरी पकडतो. पँट घालताना उचललेला पाय कापडाच्या पिशवीत असतो आणि दोन्ही हात कंबरपट्ट्यावर. सावरण्याची दोन्ही साधनं आपण आपल्याच हातांनी बांधून ठेवलेली असतात. तुम्ही कपाटावर आदळलात याचा अर्थ तुमचे पाय निकामी झाले असा मुळीच नाही. त्या क्षणी तुमच्याकडे सावरायला काही मोकळंच नव्हतं.

तरीही एक तपासणी कराच. जड टेबलाशेजारी उभे राहा. एक पाय उचलून त्याचं पाऊल दुसऱ्या पायाच्या पोटरीला मागून टेकवा, हात शरीरालगत सोडा, नजर समोर ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी १० सेकंद मोजायला सांगा. तीन वेळा प्रयत्न करायला हरकत नाही. ब्राझीलमधल्या संशोधकांनी ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ माणसांकडून हेच करून घेतलं आणि २०२२ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये त्यावर निबंध लिहिला. साधारण पाचातल्या एकाला ते जमलं नव्हतं, आणि पुढच्या वर्षांत त्या गटातल्या मृत्यूंचं प्रमाण बरंच जास्त निघालं. हे वाचून घाबरू नका. एका पायावर उभं राहता न येणं हे मरणाचं कारण नव्हे. शरीरात इतरत्र काही ढासळत असेल तर तोल ते लवकर सांगतो, एवढाच त्याचा अर्थ. १० सेकंद जमले नाहीत तर डॉक्टरांना तसं सांगा.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मला पटतं, फक्त त्याला थोडी पुरवणी जोडते. पाय घालताना बसा. पण बसायला मऊ पलंग नको, हात असलेली भक्कम खुर्ची घ्या. पँटच्या पायाची नळी आधी मोज्यासारखी गोळा करून तिचं कडं करा, म्हणजे अंगठा अर्ध्या वाटेत अडकत नाही. दोन्ही पायांचे तळवे बाहेर दिसले, पँट मांड्यांपर्यंत आली, की मगच उठा. गुडघ्यांशी पँट असताना उठणं हे उभ्यानं घालण्याहून वाईट, कारण तेव्हा दोन्ही पाय एकत्र बांधलेले असतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठल्यावर खुर्चीचा हात धरून जरा थांबा. काहींचा रक्तदाब उठल्याबरोबर उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

आणि एका पायावर उभं राहण्याचा सराव सोडू नका. तो वेगळा करा, रोज, बेसिनच्या कडेला हात ठेवून, दोन्ही हात रिकामे असताना. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था. तिच्या २०१९ च्या आढाव्यात साठीपुढच्या माणसांवरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले होते. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि त्यात तोलाचे व्यायाम आघाडीवर होते. तोल कमवायची जागा ती. निघायची घाई असताना, डोकं खाली घालून, पिशवीत पाय अडकवून तोल कमवता येत नाही.

म्हातारपणाबद्दल लिहिलंत म्हणून सांगते. मी ५१ वर्षांची आहे आणि गेली चार वर्षं टेबलाच्या कडेला बूड टेकून पँट घालते. उजव्या घोट्याचं लिगामेंट एकदा फाटलं होतं. डाव्या पायावर मी १० सेकंद सहज उभी राहते, उजव्यावर सातव्या-आठव्या सेकंदाला हलते. मग मी टेकते आणि आधी डावा पाय घालते. टेबलाचा आधार असतो तोवर उजवा घोटा माझं काम चोख करतो. उभं आणि बसून यांच्या मधली ही तिसरी तऱ्हा आहे, आणि तुमच्यासारख्या, अजून बरंच चालत्या-फिरत्या माणसांना ती मला फार आवडीनं सुचवाविशी वाटते.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ७१) सहा महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवा हात आणि उजवा पाय कमजोर आहे. स्वतः पँट घालायला त्यांना २५ मिनिटं लागतात, मी घातली तर दोन. मला सकाळी कामाला निघायचं असतं. मी घालून दिली की ते चिडतात आणि नाही दिली तर मला उशीर होतो. कधी कधी ते पँट हातात धरून नुसते बघत बसतात. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ती २५ मिनिटं तुमच्या दोघांनाही किती जड जात असतील, याची मला कल्पना आहे.

आधी क्रम. कमजोर पाय आधी घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. आमच्या कामात हे अगदी पहिल्या दिवशी शिकवतात. कारण साधं आहे : कमजोर पायाला आपणहून वाट शोधता येत नाही, म्हणून कापडात जास्तीत जास्त सैलपणा असतो तेव्हाच त्याची पाळी लावायची. धड पाय अडचणीतूनही वाट काढतो.

वडिलांना हात असलेल्या, न घसरणाऱ्या खुर्चीत बसवा. तळवे जमिनीला पुरते टेकले पाहिजेत. त्यांनी डाव्या हातानं उजवा पाय उचलून डाव्या मांडीवर आडवा ठेवायचा, आपण पायावर पाय टाकतो तसा. (खुब्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर हे करू नये.) आता उजवं पाऊल हाताच्या टप्प्यात येतं. नळी पावलावरून सरकवून थेट गुडघ्याच्या वर न्यायची. इथे बहुतेकांची गफलत होते. नळी गुडघ्याखालीच सोडली की पाय खाली ठेवताना ती पुन्हा घसरते आणि सगळी मेहनत वाया जाते. मग पाय खाली, मग डावा पाय, मग कापड मांड्यांपर्यंत. शेवटचं वर ओढणं दोन तऱ्हांनी होतं. उभं राहता येत असेल तर तुम्ही शेजारी उभं राहून, भक्कम आधाराशी. नसेल तर पलंगावर पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, कंबर उचलून. उजवा पाय दुमडलेला राहत नसेल तर तुम्ही तो पावलाशी धरा.

आता तुम्ही शेवटी लिहिलेली ओळ, पँट हातात धरून ते नुसते बघत बसतात. त्याला आळस किंवा हट्ट समजू नका. उजवी बाजू कमजोर झाली म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या भागाला झालेली असते, आणि त्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना शिकलेल्या हालचालींचा क्रमच सापडेनासा होतो. हाताला ताकद असते, पँट समोर असते, काय करायचं हेही ठाऊक असतं, पण सुरुवात कुठून करायची ते उमगत नाही. अशा वेळी शब्दांचा मारा उपयोगाचा नाही. "आधी हे, मग ते, असं नाही, तसं" यानं त्यांचा गोंधळ वाढतो. गप्प राहून त्यांच्या हातावर आपला हात ठेवा आणि पहिली हालचाल बरोबर करा. पुढची बऱ्याचदा आपोआप येते. पँट रोज त्याच खुर्चीत, त्याच बाजूला, पुढचा भाग वर करून ठेवा. त्यांच्या थेरपिस्टला किंवा डॉक्टरांना हे लक्षण मुद्दाम सांगा, तपासून घ्या.

वेळेबद्दल माझं स्पष्ट मत आहे. रोज सगळं त्यांनीच करायला हवं असा आग्रह धरू नका. एक भाग त्यांचा ठरवा, समजा उजवा पाय गुडघ्यापर्यंत घालणं, आणि तो रोज त्यांचाच राहू द्या. बाकीचं तुम्ही करा. सुट्टीच्या दिवशी घड्याळ बाजूला ठेवून सगळं त्यांना करू द्या. तो भाग जमू लागला की पुढचा जोडा. कमरेला इलॅस्टिक असलेली, एक माप मोठी, सुळसुळीत कापडाची पँट घ्या. जीन्स सध्या नको.

त्यांच्या चिडण्याबद्दलही लिहिते. सिडनी कॅट्झ हे अमेरिकी डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये माणूस स्वतःच्या पायावर किती उभा आहे हे मोजायला सहा गोष्टी निवडल्या : अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि जेवणं. सहातली एक म्हणजे कपडे. आम्ही ते तक्त्यात मोजतो, तुमचे वडील ते मनात मोजतात. त्यांचा राग तुमच्यावर नाही. हा एक भाग त्यांच्या हाती राहिला तर तो कमी होताना मी पाहिला आहे.

प्रश्न : मुलगा पावणेचार वर्षांचा आहे. पँट घालताना रोज दोन्ही पाय एकाच नळीत घालतो, मग रडतो. शाळेची घाई असते म्हणून मीच घालून देते. कधी शिकेल?

उत्तर : लवकरच, आणि तो करतोय त्यात काही बिघडलेलं नाही. मुलं आधी कपडे काढायला शिकतात, घालणं नंतर येतं.

शेवटाकडून शिकवा. पहिल्या आठवड्यात तुम्ही पँट गुडघ्यांपर्यंत आणून द्यायची, वर ओढणं त्याचं. पुढच्या आठवड्यात घोट्यांपर्यंत आणून सोडायची. मग एक पाय तुम्ही घालायचा, दुसरा त्यानं. अगदी शेवटी दोन्ही पाय त्याचे. असं केल्यानं प्रत्येक वेळी काम पुरं होण्याचा क्षण त्याच्या हातून घडतो. सुरुवातीपासून शिकवलं तर तो प्रत्येक वेळी अर्ध्यात अडकतो आणि शेवट तुमच्या हातून होतो.

त्याला भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसवा, पँट समोर पसरून. आधी आखूड चड्डीवर सराव करा, बोटं लगेच बाहेर दिसतात. दोन बोगदे, एकेका बोगद्यातून एकेक आगगाडी, असं मी सांगते. दुसऱ्या पायाच्या वेळी पहिल्या पायाची बोटं बाहेर आलीत ना, एवढं त्याला बघायला शिकवा. बटण आणि झिपची इतक्यात अपेक्षा नको. सराव संध्याकाळी करा, शाळेच्या वेळी तुम्हीच घाला.

प्रश्न : मी १७ वर्षांची आहे. मी नेहमी डावा पाय आधी घालते. उजवा आधी घालून पाहिला तर हसू येईल इतकं विचित्र वाटलं. असं का? आणि दोन्ही पाय एकदम घालणारं कुणी असतं का?

उत्तर : हजारो वेळा त्याच क्रमानं केलेली हालचाल मेंदू एकसंध साठवून ठेवतो, म्हणून तिच्यावर लक्ष द्यावं लागत नाही. क्रम उलटा केलास की ती साठवण कामाला येत नाही आणि प्रत्येक पायरी नव्यानं ठरवावी लागते. तो विचित्रपणा म्हणजे हा जादा विचार. बहुतेकांचा एक पाय नेमका काम करणारा आणि दुसरा भार घेणारा असतो. पण पँटच्या बाबतीत लहानपणी लागलेली सवयही तितकीच जोरकस ठरते.

दोन्ही पाय एकदम घालणारे आहेत. अंतराळवीर डॉन पेटिट यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात तरंगत दोन्ही पाय एकाच वेळी पँटमध्ये घातल्याची चित्रफीत २०२५ मध्ये सगळ्यांना दाखवली होती. वजनच जाणवत नसेल तर तोल जायचा प्रश्न उरत नाही. जमिनीवर अग्निशमन दलाचे जवान याच्या जवळ जातात. त्यांची पँट बुटांवर गोळा करून तयार ठेवलेली असते. बुटांत पाय टाकायचे आणि पट्ट्यांनी वर ओढायची, नळी शोधायची भानगडच नाही. कडं करून पाय घालण्याची जी युक्ती मी वर सांगितली, तीच ही.

आणखी एक गोष्ट तुला आवडेल. सापडलेल्या सगळ्यात जुन्या पँटींपैकी दोन चीनमधल्या तुर्फानजवळच्या यांगहाई इथल्या कबरींमधून मिळाल्या, साधारण ३,००० वर्षांपूर्वीच्या, लोकरीच्या. दोन पाय वेगळे विणलेले आणि मध्ये जोडायला एक रुंद तुकडा. अभ्यासकांना वाटतं की ती रचना घोड्यावर मांड टाकून बसण्यासाठी केली असावी.

प्रश्न : वय ३८. सकाळी पँट घालायला वाकलं की कमरेत कळ येते. तीच पँट संध्याकाळी बदलताना काही होत नाही. मनाचे खेळ आहेत का?

उत्तर : नाहीत. मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी आपली उंची एक ते दोन सेंटीमीटर जास्त भरते. फुगलेल्या चकतीला वाकणं जास्त जड जातं आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासात हा ताण सगळ्यात जास्त असतो. उठल्या उठल्या पँट घालू नका. आधी थोडं चाला, बाकीची कामं आटपा.

किंवा झोपूनच घाला. पाठीवर पडा, एकेक गुडघा छातीकडे घेऊन पाय नळीत घाला, मग तळवे गादीवर टेकून कंबर जराशी उचला आणि पँट वर ओढा. कणा वाकत नाही, पायच कण्याकडे येतो. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा येत असेल, किंवा जांघेत बधिरपणा वाटून लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : आईच्या खुब्याचा सांधा बदललाय. पँट घालताना तिला वाकू देऊ नका असं सांगितलंय. मग घालायची कशी?

उत्तर : ऑपरेशनचा पाय आधी, काढताना शेवटी. टोकाला चिमटा असलेली लांब काठी मिळते. कंबरपट्टा तिनं पकडून पँट जमिनीशी न्यायची, पाय आत सरकवायचा आणि काठीनंच गुडघ्यापर्यंत आणायची. मागच्या बाजूनं ऑपरेशन झालं असेल तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडायचा नाही आणि पायावर पाय टाकायचा नाही, असं सहसा काही आठवडे पाळायला सांगतात. पद्धतीनुसार हे नियम बदलतात, तेव्हा तिच्या सर्जनला विचारून घ्या.

शेवटचं पत्र प्रश्नाचं नाही. लहानपणापासून दृष्टी नसलेल्या एका वाचकानं ते कुणाकडून तरी लिहून घेतलं आहे. ते नेहमी बसून पँट घालतात. प्रत्येक पँटच्या कंबरपट्ट्याच्या आत, मागच्या बाजूला, जाड दोऱ्याची एक गाठ त्यांनी स्वतः शिवून घेतली आहे. मांडीवर पँट ठेवायची, अंगठ्यानं गाठ शोधायची, ती पाठीकडे वळवायची, मग पाय. काळ्या पँटीला एक गाठ, राखाडीला दोन.

पत्र आलं त्याच आठवड्यात मी हे एका आजोबांना सांगितलं. पक्षाघातानंतर त्यांना पँटची पुढची आणि मागची बाजू ओळखू येत नव्हती. त्यांच्या सुनेनं लाल दोऱ्यानं गाठ शिवली आणि आता ते पँट उलटी घालत नाहीत. पत्र पाठवणाऱ्यांचे मनापासून आभार. तुम्ही लिहिलंय की गाठ मधोमध न ठेवता जराशी डावीकडे घेता. त्याचं कारण पत्रात नाही. कृपया कळवा, मला ते माझ्या रुग्णांसाठी हवं आहे.